घरात शिसं कुठं दडलंय ते शोधायचं कसं (रांगत्या पोराच्या उंचीवरून)

आमचा चिरंजीव दीड वर्षाचा होता तेव्हा त्याचा एक ठरलेला उद्योग असायचा, गॅलरीच्या ग्रिलला दात लावून उभं राहायचं आणि खालची कुत्री बघायची. आम्हाला ते गोड वाटायचं, फोटो पण काढलेत. मग एके दिवशी त्याच्या खालच्या ओठाला पिवळ्या रंगाचा एक पापुद्रा चिकटलेला दिसला, तांदळाच्या कणीएवढा, तो मी पुसून टाकला आणि रात्री झोपताना डोक्यात आलं की हा दिसला म्हणून कळलं, न दिसलेले किती गेले असतील पोटात. आमची सोसायटी १९९४ ची, ग्रिलला तेव्हापासून ऑइलपेंटचे तीन-चार हात बसलेत, सगळ्यात खालचा पिवळा.

तिथून हे सगळं सुरू झालं. मी डॉक्टर नाही, पण गेलं वर्षभर हाच विषय वाचतेय आणि घरात करून बघतेय, त्यामुळे लहान मूल असलेल्या कुणालाही एका रविवारात करता येईल असं सगळं इथं लिहून ठेवते.

आधी एक गोंधळ मिटवू. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बन. नाव जुनं आहे, तेवढंच चिकटून राहिलंय. त्यामुळे पोरानं पेन्सिलचं टोक चावलं म्हणून घाबरू नका. आपल्याला शोधायचंय ते खरं शिसं, जुन्या बॅटरीतलं, जुन्या रंगातलं, डाग दिलेल्या भांड्यातलं.

मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर त्यातलं थोडंच अंगात शोषलं जातं, लहान मुलांत त्याच्या चार-पाच पट जातं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तातून ते हाडात जाऊन बसतं, तिथं वर्षानुवर्षं राहतं, आणि मधल्या काळात वाढत्या मेंदूला त्रास देतं. सुरक्षित अशी पातळी कुठलीच सापडलेली नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूल आजारी दिसत नाही. खेळतं, खातं, हसतं. थोडी चिडचिड, थोडी बद्धकोष्ठता, पोट दुखतंय म्हणून रडणं, हिमोग्लोबिन कमी, आता हे कुठल्या घरात नसतं सांगा. म्हणून मुलाकडे बघून काही कळणार नाही, घराकडे बघावं लागतं.

हे लक्षात यायला जगाला पण वेळ लागला. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला १८९० च्या सुमारास डॉक्टरांना मुलांमध्ये शिसबाधा दिसत होती पण येतेय कुठून ते कळत नव्हतं, १९०४ मध्ये गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की व्हरांड्याच्या कठड्यांचा रंग उन्हानं भुकटी होतो, मुलं त्याला हात लावतात आणि तेच हात तोंडात घालतात. शंभर वर्षांपूर्वीचा कठडा आणि आमचं पुण्यातलं ग्रिल, फरक काहीच नाही. नंतर १९७९ मध्ये अमेरिकेत नीडलमन नावाच्या डॉक्टरांनी बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं, आणि ज्यांच्या दातात जास्त त्यांची बुद्ध्यांक चाचणी आणि वर्गातलं लक्ष दोन्ही कमी असं निघालं. ती मुलं आजारी नव्हती, कुणी दवाखान्यात नेलेली नव्हती.

आता कामाला लागू.

पहिलं काम म्हणजे तासभर जमिनीवर बसायचं. खरंच. पोर रांगतंय-चालतंय तिथं त्याच्या उंचीवर बसा, कागद-पेन घ्या आणि तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू लिहा, आणि तोंडात जायच्या आधी हात कुठं कुठं लागला ते पण लिहा. शिकवायला, अडवायला जाऊ नका, फक्त बघा (अर्थात पिन-बिन उचलली तर घ्या काढून). माझ्या यादीत पहिल्या तासात ग्रिल, खिडकीची कड, माझ्या नवऱ्याची चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, देवघरातली छोटी घंटा, खेळण्यातला लाल ट्रक आणि स्वतःचा अंगठा असं आलं. अंगठा एकवीस वेळा. आणि प्रत्येक वेळी अंगठ्याच्या आधी खिडकीची कड किंवा फरशी. मला वाटत होतं ग्रिल चावणं हाच प्रॉब्लेम आहे, पण खरा प्रॉब्लेम खिडकीच्या कडेवरची धूळ निघाली, कारण स्लायडिंगची खिडकी सरकली की जुन्या चौकटीचा रंग घासला जातो आणि तिथंच पडतो. बहुतेक मुलांच्या पोटात शिसं पापुद्र्यापेक्षा धुळीतून जास्त जातं, हे वाचलं होतं पण त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

ही यादी झाली की मग घरातल्या वस्तूंकडे वळायचं.

रंगाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (म्हणजे रंगाच्या दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी मारलेल्या रंगावर, त्यातून ऑइलपेंटवर, विश्वास ठेवायचा नाही. त्यातही पिवळा, केशरी, लाल, हिरवा हे भडक रंग जास्त संशयाचे, कारण लेड क्रोमेट हे पिवळं रंगद्रव्य त्यांच्यात सर्रास वापरायचे. भिंतीवरचा डिस्टेंपर, पाण्यात कालवायचा रंग, यात सहसा नसतं. त्यामुळे घरभर घाबरत फिरू नका, ग्रिल, दारं, चौकटी, जिन्याचा कठडा, लोखंडी कपाट, जुना पाळणा एवढंच बघा. रंग घट्ट बसलेला असेल आणि मूल चावत नसेल तर त्याला हात लावू नका, वरून नव्या कमी-शिशाच्या रंगाचा हात मारून टाका, झालं. पोपडे निघत असतील किंवा मूल चावत असेल तरच खरवडायचं.

आणि इथं लोक सगळ्यात मोठी चूक करतात, आम्ही पण करणारच होतो. दिवाळीच्या आधी पेंटर बोलवायचा, तो काचपेपर घेऊन कोरडंच घासत सुटतो, घरभर पिवळी-पांढरी भुकटी, गादीवर, डाळीच्या डब्यांवर, आणि मूल त्यातच रांगतंय. एवढ्या दोन दिवसांत अख्ख्या वर्षाचं शिसं घरात पसरतं. पेंटरला स्पष्ट सांगा, पाणी मारत घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, निघालेला चोथा त्याच प्लास्टिकात गुंडाळून बांधायचा, झाडूनं लोटायचा नाही, आणि ब्लोलॅम्पनं रंग जाळून काढायचा तर अजिबात नाही. आमच्या पेंटरकाकांनी आधी तोंड वाकडं केलं, ओलं घासलं की काम दुप्पट लागतं म्हणाले, मग एक दिवसाची मजुरी वाढवून दिली तेव्हा तयार झाले. ते दोन दिवस मी पोराला घेऊन माहेरी गेले. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं तर थांबूच नये, आईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत जातं.

रोजच्या सफाईचं पण थोडं उलटं करावं लागतं. आपल्याकडे आधी झाडायचं मग पुसायचं. खिडकीच्या कडा, ग्रिलखालची फरशी, गॅलरी, एवढ्या जागा झाडायच्याच नाहीत, थेट ओल्या फडक्यानं पुसायच्या, फडकं वेगळं, बादली वेगळी, पाणी बेसिनमध्ये न ओतता संडासात. कामाला येणाऱ्या मावशींना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या न झाडता पुसलं तर केर फिरतो, बरोबर आहे त्यांचं, म्हणून मीच सकाळी त्या तीन जागा आधी पुसून ठेवते. पाच मिनिटांचं काम आहे. बाहेरच्या चपला दाराबाहेर. आणि हात धुणं, जेवायच्या आधी, झोपायच्या आधी, साबणानं.

आता स्वयंपाकघर.

हळदीची गोष्ट मला स्वतःला लागली कारण आम्ही सांगलीकडचे, हळद म्हणजे घरचा विषय. हळकुंडं शिजवतात, वाळवतात, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात, आणि या पॉलिशच्या वेळीच कुणी बदमाश असेल तर रंग उजळायला लेड क्रोमेट टाकतो, तेच ते रंगातलं पिवळं. बांगलादेशात संशोधकांनी हे शोधून काढलं, तिथल्या सरकारनं मग बाजारात धाडी घातल्या, दंड केले, आणि २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत सापडणारं शिसं २०२१ पर्यंत शून्यावर आलं. दोन वर्षांत! म्हणजे होतं, मनावर घेतलं तर. २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका इथल्या २३ शहरांतल्या हळदीची पाहणी छापून आली, ३५६ नमुन्यांपैकी १४ टक्क्यांत ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं होतं, आणि पाटण्यातल्या नमुन्यात तर २,२७४. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ग्रॅममागे १० आहे. जास्त गडबड सुट्या, पॉलिश केलेल्या हळकुंडांत सापडली.

तर करायचं काय? चकचकीत एकसारखी पिवळीधमक हळकुंडं दिसली की हात मागे घ्यायचा. ओबडधोबड, मातकट दिसणारी बरी. घरी एक ढोबळ टेस्ट होते, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन हळकुंड अलगद सोडायचं, लगेच पिवळा रंग सुटायला लागला तर ते हळकुंड संशयाचं. पण रंग सुटला नाही म्हणजे शिसं नाही असं समजू नका, थोडंसं असेल तर या टेस्टला कळत नाही. त्यापेक्षा हळद कुठून येतेय ते माहीत असणं जास्त कामाचं. आमच्या आत्या त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची घेतात आणि डंकावर कुटून पाठवतात, रंग तितका उठत नाही, सासूबाई पहिले दोन महिने म्हणत होत्या की आमटी आजारी दिसते.

भांडी. इथं दोनच ठिकाणी बघा. एक, डाग दिलेली भांडी, म्हणजे बुडाला किंवा सांध्याला गळती लागली म्हणून झाळून आणलेला तांब्या, घागर, पातेलं. झाळायच्या जुन्या मिश्रणात कथील आणि शिसं असतं. असलं भांडं फुलं ठेवायला वापरा, त्यात ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवू नका, आंबट पदार्थ शिसं ओढून घेतो. दोन, कल्हई. कल्हई शुद्ध कथलाची असेल तर काही वाईट नाही, आपल्या आज्या त्यातच जेवल्या, पण कथील महाग आणि शिसं स्वस्त, त्यामुळे भेसळ होते. कल्हईवाल्याला कथलाची कांडी दाखवायला सांगा, कानाजवळ धरून वाकवली की शुद्ध कथील करकर वाजतं, शिसं मिसळलेलं बहुधा गप्प राहतं. हा काही लॅबचा पुरावा नाही, पण तुम्ही विचारताय एवढं त्याला कळलं तरी फरक पडतो. आणि भंगारातून ओतलेली बिनशिक्क्याची जाड ॲल्युमिनियमची पातेली पण टाळा, भंगारात काय काय वितळवलंय कुणाला माहीत. प्युअर अर्थ या संस्थेनं २५ देशांच्या बाजारांतून पाच हजारांवर वस्तू तपासल्या तर धातूच्या भांड्यांत निम्म्याच्या आसपास भांडी त्यांनी धरलेल्या मर्यादेच्या वर निघाली, मसाल्यांत हे प्रमाण फार कमी होतं. म्हणजे हळदीची बातमी जास्त फिरली तरी कपाटातलं पातेलं विसरू नका.

देवघर. हे लिहिताना जरा जपून लिहितेय कारण घरात यावरूनच वाद झाला. शेंदूर म्हणजे परंपरेनं शिशाचंच ऑक्साइड, लाल-केशरी, जड. मारुतीला, पारावरच्या म्हसोबाला जो चढतो तो. देवाला चढवा हो, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण पोराच्या कपाळाला लावू नका आणि देवळातून आल्यावर हात धुवा, पोरं मूर्तीला हात लावतात आणि मग प्रसाद खातात. भांगात भरायच्या सिंदूरचं पण तेच, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आणि भारतातल्या दुकानांतून घेतलेले ११८ नमुने २०१७ च्या एका अभ्यासात तपासले तर सुमारे ८० टक्क्यांत थोडंफार तरी शिसं निघालं. परदेशात राहणाऱ्या मंडळींनी हे बघावं, कारण पूजेचं सामान म्हणून येतं ते तिथं पण दर वेळी तपासलं जातंच असं नाही. हळद-चुन्यापासून केलेलं कुंकू वेगळं, त्यात शिशाचा संबंध नाही, पण बाजारातलं कुंकू नक्की कशाचं ते विचारून घ्या.

आणि काजळ. घरी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरून पाडलेलं काजळ म्हणजे काजळी, कार्बन, शिसं नाही. दगड वाटून केलेला सुरमा मात्र शिशाचं खनिज असू शकतो, तो बाळाच्या डोळ्यात नकोच. डोळ्यात घरचं काजळ पण घालू नका असं डॉक्टर सांगतात, ते इन्फेक्शनसाठी. तीट गालाला लावा, आजीचं मन राहतं.

खेळणी: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. जत्रेतली भडक रंगाची बिनमार्काची खेळणी चावत्या वयात नको, मोठं झाल्यावर घ्या. आमचा लाल ट्रक गेला. तीन दिवस रडला.

घरातल्या मोठ्यांचा धंदा हा एक मुद्दा लोक विसरतात आणि खरं तर तो पहिला विचारायला हवा. घरात कुणी बॅटरीच्या दुकानात, रेडिएटर दुरुस्तीत, सोल्डरिंगचं, सोनं गाळायचं, रंगकामाचं किंवा भंगारचं काम करत असेल तर शिसं कपड्यांवरून, केसांतून घरी येतं. कोकणात जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या काही जण परसात चुलीवर वितळवून ओततात, ते पोरांपासून लांब, आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तर कधीच नाही. कामावरून आल्यावर आधी आंघोळ, कपडे वेगळे भिजवायचे, मग पोराला उचलायचं. पोर दारात धावत येतं तेव्हा हे अवघड जातं, माहितेय.

रक्ततपासणीचं शेवटी ठेवलंय कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात. माती किंवा भिंतीचे पापुद्रे खाणारं मूल, लोहाचं औषध देऊनही हिमोग्लोबिन न चढणारं मूल, सारखं पोट दुखणारं, बोलायला-चालायला मागे पडलेलं, किंवा वर सांगितलेल्या धंद्याच्या घरातलं, यांच्यासाठी बालरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारा, ब्लड लेड लेव्हल करायची का. सगळे सुचवत नाहीत. नमुना शिरेतून घेतलेला चांगला, बोट टोचून घेतला तर बोटावरच्या धुळीतलं शिसं मिसळून आकडा फुगतो, तेव्हा बोटावरचा जास्त आला तर शिरेतून परत करून घ्या. आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. ५ किंवा वर आला तर स्रोत शोधा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अमेरिकेत २०२१ पासून ३.५ ला लक्ष द्यायला सुरुवात करतात. शिसं बाहेर काढायची औषधं ४५ च्या पुढे, तीही हॉस्पिटलमध्ये. त्याखाली औषध नाही, स्रोत बंद करणं हाच इलाज. कोथिंबिरीचं पाणी, डिटॉक्सच्या पुड्या, यांच्या नादाला लागू नका, आणि कुठल्याही भस्माच्या पुड्या बाळाला डॉक्टरांना न विचारता देऊ नका, नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म.

खाण्यानं मात्र मदत होते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं, रिकाम्या पोटी तर अजून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षय असलेली निघाली, म्हणजे आपली बहुतेक पोरं शिशाला दार उघडून बसलीत. नाचणीची पेज, पालेभाजी, त्यावर लिंबू, अंडं चालत असेल तर अंडं, आणि दोन खाण्यांमध्ये फार वेळ जाऊ द्यायचा नाही.

एवढं करून फरक पडतो का, तर मुंबईचंच बघा. गाड्यांच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं तेव्हा १९९७ च्या पाहणीत मुंबईतल्या जवळपास ६२ टक्के मुलांच्या रक्तात १० च्या वर शिसं होतं, २००० मध्ये शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं, आणि नंतर डॉक्टरांनी ७५४ मुलं तपासली तर तो आकडा ३३ टक्क्यांवर आलेला. आमच्याकडे पहिला रिपोर्ट साडेसहाचा होता. ग्रिल, खिडक्या, तीन जागांचं ओलं फडकं, चार महिन्यांनी परत केला तर चारच्या जरा खाली. लॅबवाल्यानं विचारलं पण नाही कशासाठी करताय, नॉर्मल आहे म्हणाला.

एक पाळणा राहिलाय. माळ्यावर आहे, नवऱ्याच्या वेळचा, लाकडी, हिरवा-पिवळा ऑइलपेंट आणि दांड्यांवर दातांचे जुने ठसे, ते नवऱ्याचेच. नणंदेला सातवा महिना लागलाय आणि सासूबाईंनी तो पुसून ठेवायला सांगितलाय. मी पेंटरकाकांना फोन केलाय, गच्चीवर नेऊन पाणी मारत खरवडून द्यायचं ठरलंय, मग साधं पॉलिश. दांड्यावरचे ठसे जातील म्हणून सासूबाई नाराज आहेत, तर आधी त्यांना फोटो काढून दिलाय.